अठ्ठावन्न किलो

मित्रांनो, कपाटाशेजारी पडलेला, चपला घालूनच ज्याच्यावर तुम्ही उभे राहता, तोच मी जुना वजनकाटा. कारखान्यातून निघालो तेव्हा माझी काच आरशासारखी लखलखत होती. या घरातल्या मुलीने मला बारीक होण्यासाठी आणलं. ती बारीक झाली नाही. दोष माझा ठरला आणि मी पलंगाखाली गेलो.

मग तिच्या वडिलांच्या किडन्या गेल्या आणि माझे दिवस पालटले. वडील पेशाने शिंपी, सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांच्या पोटात नळी बसवली. दिवसातून चार वेळा दोन लिटर साखरेचं औषधी पाणी पोटात सोडायचं आणि काही तासांनी अंगातली घाण घेऊन ते बाहेर काढायचं. घरी येणाऱ्या नर्सबाईंनी रोज वजन करायला सांगितलं. मला पुसून जमिनीवर मांडलं. मी डुगडुगत होतो, म्हणून मुलीने एका कागदाच्या चार घड्या करून माझ्या पायाखाली सारल्या. इतका मान मला पूर्वी कधीच मिळाला नव्हता.

रोज सकाळी मी सांगायचो, अठ्ठावन्न. घर खूश.

"बाबा, पथ्य मानवतंय तुम्हाला!" मुलगी म्हणायची. फ्रिजवर किडनीच्या पहिल्या डॉक्टरांचा, नळी बसवण्याआधीचा तक्ता होता: डाळ नको, अंडं नको, दूध अर्धा कप. ती तो पोलिसासारखा पाळायची.

"अर्धं अंडं दे गं. पिवळं तू खा."

"बाबा, लहान मुलासारखं करू नका."

पुढेपुढे त्यांनी मागणंच सोडलं. पोटात ते गोड पाणी, भूक लागणार कुठून?

महिन्याभरात मास्तरांनी स्वतःची पँट दोनदा आत घेतली. "अगं, वजन तेवढंच, मग ही कमरेवर का थांबत नाही?"

"कापड सैल पडलं असेल," बायको म्हणाली.

"शिलाई माझी आहे. कापडावर आळ घेऊ नकोस."

"बरं, पाय बघा की, कसे भरलेत! अंगाला लागतंय तुमच्या."

नर्सबाई आल्या. त्यांनी त्या भरलेल्या पायात अंगठा दाबला. खड्डा पडला, आणि तसाच राहिला.

"हे अंग नाही, पाणी आहे. मांस झडत चाललंय आणि त्याची जागा पाणी भरून काढतंय. अहो, नळीतून रोज प्रथिनं वाहून जातात. डाळ, अंडी आता जास्त द्यायची असतात. नळी बसवली तेव्हा नवा तक्ता दिला होता ना मी?"

सगळं घर शोधलं. मला ठाऊक होतं, तो माझ्या पायाखाली होता. पण मला आकड्यांपलीकडे काही बोलता येत नाही.

दवाखान्यात नेऊन अंगात साचलेलं पाणी काढलं. मास्तर घरी आले. एकोणपन्नास.

मुलीने दोन अंडी उकडून, सोलून समोर ठेवली. मास्तरांनी एक उचललं. "आता घशाखाली उतरत नाही गं," म्हणाले, आणि तिचं तोंड बघून अर्धं गिळलं. काही दिवसांनी आला तो साधाच खोकला होता. मास्तरांना तेवढाही झेपला नाही; त्यातच ते गेले.

मित्रांनो, मी एकदाही खोटं बोललो नाही. घरात असं कुणी असेल तर माझ्याकडे बघण्याआधी त्याचा दंड हातात धरून बघा, ताटात काय उरलंय ते बघा. मला विचारू नका. पाणी काय, माणूस काय, मला दोन्ही सारखंच जड लागतं.