कोरडं पीठ

“आ करा, आई. अजून मोठा.”

सुनेनं चमचाभर मध सासूच्या घशात सोडला आणि दाराकडे बघितलं. दार बंदच होतं, तरी बघितलं.

“लगेच गिळू नका, घशाला चिकटू दे. आणि तुमच्या पाया पडते, आज खोकू नका हो!”

आता हे काय माणसाच्या हातात असतं होय? सासू चक्कीवाली, तिचं अर्धं आयुष्य पिठात गेलं होतं. नवरा गेल्यावर नदीकाठची पाणचक्की तिनं एकटीनं ओढली. मुलगा हाताशी आला तेव्हा कुठे ती बाजूला झाली. पण पीठ छातीत बसलं ते बसलंच. तिचा खोकला गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायचा, आणि आज त्याच खोकल्यापायी तिचा जीव टांगणीला लागला होता.

झालं होतं असं, की तापानं गावातली तीन पोरं गेली. मग बाहेरून एक जाणता बोलावला. तो म्हणाला, गावात चेटकीण आहे. ओळखायची कशी? सोपं आहे म्हणे. सगळ्या विधवांनी चौकात मूठभर कोरडं पीठ गिळायचं, वर पाण्याचा थेंब नाही. जिला ठसका लागेल ती चेटकीण. अहो, भीतीनं जिच्या तोंडचं पाणी पळालंय तिच्या घशाखाली कोरडं पीठ उतरेल कसं? पण हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. विचारणाऱ्याच्या घराकडे उद्या बोट दाखवलं गेलं असतं. आणि पीठ तरी कुठलं? तिच्याच चक्कीतलं.

चौकात बाकावर सगळ्याजणी ओळीनं बसल्या होत्या. चक्कीवालीच्या शेजारी तिची जन्माची मैत्रीण, टोपल्या विणून पोट भरणारी टोपलीवाली. दोघी एका गल्लीत वाढल्या, आणि लहानपणापासून दोघींना एकच खोड. नको तिथे एकमेकींकडे बघितलं की हसू आवरायचं नाही. मयताच्या घरातूनसुद्धा एकदा दोघींना बाहेर काढलं होतं.

“माझ्याकडे बघू नकोस,” चक्कीवाली पुटपुटली.

“आली मोठी राणी! तुझ्याकडे कोण बघतंय?” टोपलीवाली म्हणाली.

“जिभेवर पीठ आहे तोवर श्वास घेऊ नकोस. ओलं झालं की मग गिळ.”

“बरं बाई.”

चक्कीवालीची पाळी आली. पीठ टाळ्याला चिकटलं. छातीत ओळखीची खवखव उठली. मेले, तिला वाटलं, आता मेले. तिनं श्वास कोंडला, गाल फुगवले. डोळे बेडकासारखे बाहेर आले, कान लालबुंद झाले. एक घोट गेला. दुसरा अडला, मग तोही गेला. जाणत्यानं तिच्या तोंडात बोट फिरवून पाहिलं.

“गेलं. पुढची!”

आणि सुटल्याच्या आनंदात तिनं, फुगलेले गाल तसेच ठेवून, शेजारी बघितलं.

टोपलीवालीच्या तोंडात पीठ होतं. तिचे ओठ थरथरले. नको गं, नको! पण फुर्रकन पांढरा लोट उडाला. हसू फुटलं, हसता हसता ठसका लागला, आणि ठसका थांबेना.

“हसली!” कुणीतरी ओरडलं. “आमची पोरं गेली आणि ही हसते!”

“अहो, ती माझ्या तोंडाला हसली! ती लहानपणापासून अशीच आहे, विचारा कुणालाही!” चक्कीवाली जीव तोडून ओरडली. मुलानं तिला मागे ओढलं. निकाल लागला होता. सूर्य बुडायच्या आत पूल ओलांडून जायचं. परत दिसली तर लाकडं रचलेलीच होती.

घरी सून गळ्यात पडून रडली. “सुटलात, आई! सुटलात एकदाच्या!”

“माझ्या थोबाडामुळे गेली गं ती,” चक्कीवाली म्हणाली. मग उठून तिनं शाल घेतली.

मुलगा दारात आडवा आला. “आई, वेड लागलंय का? तिच्याबरोबर पूल ओलांडलास तर तुलाही परत घेणार नाहीत. मला काही करता यायचं नाही.”

“ठाऊक आहे रे राजा. पीठ चाळून ठेवलंय. आणि हिला जड उचलू देऊ नकोस, दिवस भरत आलेत.”

तो बाजूला झाला. काय करणार बिचारा?

पुलाच्या तोंडाशी टोपलीवाली गाठोडं घेऊन एकटीच उभी होती. तिच्या केसांत अजून पीठ होतं.

“कशाला आलीस? तुझं तोंड बघून मला परत हसू येईल ना!” ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

“मग हस की. आता कुणाच्या बापाची भीती?”

चक्कीवालीनं गाठोड्याचं दुसरं टोक धरलं. मागे काठावर जमलेल्या गावाच्या शिव्या चालल्या होत्या. दोघी पुलावर चढल्या तशा शिव्या थांबल्या. पूल निम्मा झाला आणि सकाळपासून कोंडलेला खोकला चक्कीवालीला सुटला. असा सुटला, की ती कठड्याला धरून वाकली. टोपलीवालीनं गाठोडं खाली ठेवलं आणि सगळ्या गावासमोर तिची पाठ चोळत राहिली. मग दोघी पुढे गेल्या.

सून धावत काठावर आली तेव्हा पलीकडच्या वळणावर झाडांशिवाय काही दिसत नव्हतं. लोक म्हणाले, घरी जा. ती गेली नाही. खोकला ऐकू येत होता तोवर ती तिथेच उभी राहिली.