जीपची खांदमळणी

आमचे हे क्लचवर पाय ठेवायला भिऊ लागले, ते एकोणनव्वद सालच्या मार्गशीर्षात. मला काही सांगितलं नाही. पुरुषमाणूस दुखणं आपण होऊन सांगेल तर शपथ! पण रोज पहाटे जीप काढताना ते ओठ दाताखाली दाबायचे, ते मी अंगण झाडता झाडता बघत होते.

जीप जुनी, बैलजोडी विकून धुळ्याहून घेतलेली. गावातून नरडाणा स्टेशन आणि तिथून धुळे, अशा फेऱ्या चालायच्या. क्लच डाव्या पायाने दाबतात आणि तो दाबल्याशिवाय गिअर पडत नाही, एवढं आता मलाही कळतं. तर हा क्लच कधी सहज खाली जायचा आणि कधी दगडासारखा घट्ट बसायचा. पहाटे हमखास अडायचा. धुळं येईपर्यंत मऊ व्हायचा.

एक दिवस मी विचारलंच.

"गाडीले काही नही व्हयेल," ते म्हणाले. "मनाच पाय शे तो. आबाना बी असाच सुरू व्हयेल व्हता."

आबा म्हणजे माझे सासरे, तोताराम आबा. त्यांचा डावा पाय असाच एका हिवाळ्यात पहाटे आखडू लागला होता. पुढच्या हिवाळ्यात सगळं अंग गेलं आणि खाटेवरून ते परत उठले नाहीत. माझ्या सासूबाई भागाबाई रोज सकाळी त्या पायाला तूप चोळायच्या. चोळता चोळताच एक दिवस पाय गार लागला.

यांच्याआधीचे दोन मुलगे सासूबाईंनी गमावले होते. तिसरा तरी जगावा म्हणून जन्मल्याबरोबर त्याला उकिरड्यावर ठेवून उचलला आणि नाव ठेवलं उखर्डू. अशा आईपुढे पायाचा विषय काढायचा नाही, असं आम्ही ठरवलं. पण म्हातारीचे कान तिखट. आमचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

धुळ्याच्या एका गॅरेजात गाडी दाखवली. मी हट्टाने बरोबर गेले. भर दुपारची वेळ. तिथल्या माणसाने क्लच चार वेळा दाबून पाहिला आणि म्हणाला, "भाऊ, गाडी एकदम ओके आहे. तुमचा पाय दाखवा कोणाला तरी."

हे हसले. तसलं हसू मला पुन्हा बघायचं नाही. परतताना म्हणाले, "गाडीले गिऱ्हाईक दखस, इकी टाकस. एखादा दिन पाय नही दबना, ते गाडीमातला लोके मरतीन."

मला संताप आला. कोणाचा, ते सांगता येणार नाही. पाय गेला तर माणूस जाणार, हे आमच्या घराने एकदा बघितलं होतं, आणि मी ते मुकाट्याने परत बघणार नव्हते. दुसऱ्या दिवशी पहाटे हे तोंड धुवायला गेले आणि मी जीपमध्ये चढून थेट ड्रायव्हरच्या सीटवर बसले. आमच्याकडे बाईमाणूस तिथे बसत नाही. लुगडं आवरलं, क्लचवर पाय ठेवला आणि दाबला. हलेना. दोन्ही पायांनी रेटला, तरी हलेना!

"आठे या लवकर!" मी ओरडले. "मना बी पाय गया का मंग?"

हे धावत आले आणि माझ्या पायांकडे बघतच राहिले. त्याच दिवशी नरडाण्याच्या मगन मिस्त्रीला निरोप धाडला, की पहाटे ये, गाडी गार असतानाच ये. मगन कुरकुरत, कानटोपी घालून आला आणि जीपखाली शिरला. थोड्या वेळाने त्याचा हात बाहेर आला, तो पिवळा. क्लचचा दांडा जिथे फिरतो, तिथे थरावर थर बसला होता आणि त्यावर रस्त्याची धूळ. थंडीत तो गोठायचा, सायलेन्सरची धग लागली की सुटायचा. मगनने हात नाकाशी नेला.

"उखर्डूभाऊ, हाई ते तूप शे. हयद बी शे."

दारात सासूबाई उभ्या होत्या.

"मीच लायं," त्या म्हणाल्या. "तुना पाय हलका जावो म्हनीसन."

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळायची, ती खांदमळणी. त्या वर्षी गोठा रिकामा होता. क्लच दाबल्याशिवाय गाडी हलत नाही, हे यांनीच त्यांना कौतुकाने दाखवलं होतं. तेव्हा त्यांच्या लेखी गाडीचा खांदा तोच. पोळ्याला लावलं तेव्हा थंडी नव्हती, काही बिघडलं नाही; थंडी पडल्यावर तेच गोठू लागलं. पुढे लेकाचा पाय जड झाल्याचं कानावर आलं आणि त्या रोज संध्याकाळी लावू लागल्या. पाय जितका अडे, तितकं तूप वाढे.

मगनने सगळं रॉकेलने धुऊन काढलं, ग्रीस भरलं. यांनी क्लच दाबला. सरळ खाली गेला. पुन्हा दाबला, पुन्हा गेला. मग स्टिअरिंगवर डोकं टेकून ते लहान मुलासारखे रडले. मीही रडले. माझा माणूस मला परत मिळाला होता, लाज कसली?

सासूबाई मात्र ओट्यावर बसून आपले तळहात बघत होत्या. मगन गेल्यावर त्यांनी मान वर केली.

"भाऊ, मंग तुना बापना पाय बी मनाच तूपमुये आखडना का रे?"

"नही हो माय, असं कोठे ऱ्हास का," मी म्हटलं. त्यांनी ऐकलंच नाही. दोन्ही हात पदराखाली लपवले.

हे जीपमधून उतरले. आत जाऊन तुपाची वाटी घेऊन आले. सासूबाईंसमोर खाली बसले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, आणि आईच्या मांडीवर पाय ठेवायचा नसतो, तरी डावा पाय ठेवला.

"तूप चोळी दे, माय," ते म्हणाले. "माले फेरीले जानं शे."

हात पदराबाहेर यायला बराच वेळ लागला. तोवर यांनी पाय हलवला नाही.