पंच्याखाली

"खिसा केवढा शिवू, तेवढा सांगा," असं म्हणत सकुबाईने दोरा दातांनी तोडला आणि बंडी उलटी करून मांडीवर पसरली.

बंडी तिच्या नवऱ्याची, दामूची. आतल्या बाजूने, छातीच्या डावीकडे चोरखिसा लावायचा होता आणि त्यात सिंगापूरचे डॉलर जायचे होते. मुलगा साईनाथ उद्या सकाळी कल्याणला पैसे बदलून आणणार होता. म्हणजे किती बदलायचे ते आजच ठरायला हवं होतं, आणि दुपारच्या जेवणापासून ओटीवर बापलेकांचं तेच चाललं होतं.

सिंगापूर हे पूजाचं खूळ. सून झेडपीच्या शाळेत शिकवायची. त्या साली मुरबाडात एका ट्रॅव्हलवाल्याने नवीन पाटी लावली होती, ती तिने येताजाता वाचली आणि भिशी लागल्या दिवशी थेट चौघांची नावं देऊन आली. कमी पडले ते साईनाथच्या बोनसमधून निघाले आणि उरलेले दामूच्या शेवटच्या बैलजोडीतून. गावात कुणी विचारलं, जमीन इकलीत काय रे? कुणी विचारलं, सिंगापूर म्हंजे दुबईच्या अलीकडं का पलीकडं? घरातही ते कुणाला नक्की ठाऊक नव्हतं, पण पूजाला होतं, आणि तेवढं पुरे होतं.

"आण्णा, सगळा पॅकेजमदी हाय," साईनाथ पुन्हा समजावत होता. "नाष्टा, जेवन, बस, तिकिटा. रोख घेऊन करनार काय आपन?"

"परक्या मुलखात हात रिकामा नको."

"कार्ड हाय ना माझ्याकडं."

"आनि त्यांनी ता कार्ड नाय घेतला त?"

"सिंगापूर हाय ता, आण्णा. सरळगावचा बाजार नाय." साईनाथ वैतागला. "बरा, तुमीच सांगा. किती घ्यायचे?"

हे त्याने जरा मोठ्याने विचारलं, आणि नेमकी तेव्हाच शेजारची गोजरबाई हंडा घेऊन अंगणाच्या कडेने चालली होती. भरला हंडा डोक्यावर असूनही तिची चाल मंदावली. दामू गप्प झाला. गोजरबाई वळणाआड जाईपर्यंत तो आढ्याकडे बघत राहिला आणि मग त्याने खांद्यावरचा पंचा काढला.

"हात दे."

"आण्णा, घरात कसला पंचा?"

"दे म्हनतो ना."

दामूची सगळी उमर बैलांच्या दलालीत गेली होती. म्हसाच्या जत्रेत ठाण्या-नाशकाकडचे लोक बैल घ्यायला यायचे, आणि घेणारा नि देणारा यांच्यामध्ये दामू उभा असायचा. तोंडाने एक आकडा बोलायचा नाही. पंच्याखाली हात घ्यायचा, बोटं दाबायची, समोरच्याने मान हलवायची. घेणाऱ्याच्या हातात एक आकडा, देणाऱ्याच्या हातात दुसरा, आणि मधला फरक दामूचा. ही दलाली सगळ्यांना माहीत असायची आणि कुणी त्यावर बोलायचं नाही. त्याच पैशावर हे घर उभं राहिलं, साईनाथ आयटीआय शिकला.

आता तोच पंचा बापाच्या आणि लेकाच्या हातावर पडला. साईनाथ लहानपणी बापाबरोबर जत्रेत हिंडलेला, त्याला बोटांची भाषा कळायची. आधी तो ओशाळल्यासारखा हसला, मग त्याच्या कपाळाला आठी पडली, मग त्याने मान नाही म्हणून हलवली. पंच्याखाली काहीतरी सरकलं. पुन्हा नाही. पुन्हा सरकलं. चहा घेऊन आलेली पूजा उंबऱ्यात उभी राहून पदरात हसू दाबत होती.

"ठरला," दामूने पंचा झटकून खांद्यावर टाकला.

"किती ठरले?" पूजाने विचारलं.

दोघांनी चहाचे कप उचलले.

"तू शिव गो," दामू बायकोला म्हणाला. "मोठा शिव."

सकुबाईने कापडाचा तुकडा बंडीवर ठेवून पाहिला. लग्न होऊन या घरात आल्यापासून तो पंचा तीच धूत होती, दांडीवर वाळत घालत होती, घडी करून त्याच्या हातात देत होती. त्याच्याखाली काय चालतं ते तिने कधी विचारलं नाही. तिने बंडीला खिसे शिवले, लेकाच्या पँटला शिवले. तिच्या स्वतःच्या कपड्याला खिसा नव्हता. बाजाराला जाताना दामू मोजून पैसे द्यायचा, आल्यावर उरलेले मागून घ्यायचा. त्यात दुष्टावा नव्हता, रीतच तशी होती. पण विमानात बसायचं ठरलं त्या दिवसापासून तिच्या मनात एकच घोळत होतं, की या वेळी थोडे पैसे आपल्याजवळ असावेत. कुणाला न विचारता खर्च करता येतील असे. हे तोंड उघडून मागायचं कसं, ते मात्र तिला सुचत नव्हतं.

पूजानेच विषय काढला. "आणि आईंकडे किती ठेवायचे?"

"तिला कशाला?" दामू सहज बोलून गेला. "ती काय एकटी हिंडनार हाय?"

सकुबाईने सुई बंडीत खोचली, बंडीची नीट घडी केली आणि बाजूला ठेवली.

"मी येत नाय."

"म्हंजे?"

"तुमी तिघा जा. मी घर बघन."

"आये, तिकिटा निघालीत," साईनाथ म्हणाला. "विसा झाला. आता काय झाला तुला?"

"गुडघा दुखतोय काय?" दामूने विचारलं.

"गुडघा बरा हाय माझा." तिने आवाज चढवला नाही. "परक्या मुलखात हात रिकामा नको, असा तुमीच बोल्लाव ना आता? मंग मी काय तिकडं माहेराला चाल्लंय?"

पूजा कप गोळा करायचं सोडून खाली बसली.

"म्हसाची जत्रा आठवते?" सकुबाई म्हणाली. "हा तान्हा होता. वरच्या दुधावरचा. तुमी बोल्लाव, इथं बैलांजवळ बस, आलूच. नि गेलाव गिऱ्हाइकाच्या मागं. दिवस कलला तरी पत्त्या नाय. पोर रडून रडून निळा पडाय लागला. समोर हाटेल, कढईत दूध उकळतंय, नि माझ्याजवळ एक पैसा नाय. म्या जाऊन हात पसरला. त्या मानसाने दिला दूध, नाय म्हनाला नाय. वर बोल्ला, बाये, जत्रंभर मागत फिरन्यापरीस कुटं काम धर."

सकुबाईने मांडीवरचे दोऱ्याचे तुकडे वेचले.

"भिकारीन समजला मला. नि तुमी तेवढ्यात चार जोड्यांचा सौदा करून आलाव, पेढं घेऊन."

"तवाच का नाय सांगितलास?"

"तुमी खुशीत होताव."

दामू उठला. अंगणात गेला, रिकाम्या गोठ्याच्या दाराशी उभा राहिला. चंची काढली, तंबाखू मळली आणि तोंडात न टाकता तशीच झटकून दिली. त्याला लाज वाटत होती, आणि ती कुठे ठेवावी हे त्याला कळत नव्हतं. बोलून माफी मागायची सवय त्याला नव्हती. सकुबाईलाही ती ऐकायची नव्हती.

तो परत आला तो सरळ बायकोसमोर मांडी घालून बसला. खांद्यावरचा पंचा काढला.

"हात दे."

"काय तरीच. बायांचा हात नसतो तिथं."

"दे गो. एक बोट म्हंजे पन्नास. त्यांचं पन्नास डालर, आपलं रुपयं नाय. पटला नाय त हात सोडायचा नाय. पटला की सोडायचा."

तिने लेकाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. पूजा हसत नव्हती. सकुबाईने पदराला हात पुसला, जणू जेवायला बसायचं आहे, आणि पंच्याखाली सारला.

दामूचा हात खरबरीत आणि गरम होता. त्याने एक बोट दाबलं. तिने हात सोडला नाही. त्याने दुसरं दाबलं. तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि हात तसाच ठेवला. इतकी वर्षं भले भले व्यापारी त्या हातापुढे पाघळले होते, पण या गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर काही म्हणता काही दिसेना. दामूला मनातून तिचं कौतुक वाटलं. त्याने तिसरं बोट दाबलं, आणि तिने हात सोडला.

"झाला सौदा," तो म्हणाला.

"येशील ना मंग?" साईनाथने विचारलं.

"बघू," म्हणत सकुबाई ठेवणीतलं पोलकं आणायला आत गेली. येताना सुपारीएवढं हसू तिच्या गालात अडकलं होतं.

"आता मला सांगा कोनतरी," साईनाथ म्हणाला. "आयेचे किती बदलून आनू?"

"आयेला इचार. पैसं तिचं हायत."

सकुबाईने पोलकं खाली ठेवलं. दामूच्या खांद्यावरून पंचा ओढून घेतला, साईनाथसमोर बसली आणि म्हणाली, "हात दे."

तिने एक बोट दाबलं. दुसरं, तिसरं. मग जरा थांबली, बाहेर अंगणात कोण आहे ते पाहिलं आणि चौथं दाबलं.

साईनाथचे डोळे मोठे झाले. "आण्णा, खरंच एवढे ठरवलाव तुमी?"

दामूने बायकोकडे पाहिलं. ती पंच्याची घडी घालत होती, शांतपणे, कडेला कड जुळवून. साईनाथच्या बोटांना काय लागलं असेल ते दामूला लगेच उमगलं. जन्मभर त्याने दुसरं केलं काय होतं?

"हां," तो म्हणाला. "एवढेच ठरले."

सकुबाईने घडी त्याच्या हातात दिली, पोलकं उलटं करून मांडीवर घेतलं आणि खिशाचं कापड बेतायला लागली. पूजा सुईत दोरा ओवून देत होती. दामू बसल्या जागेवरून पुढे वाकला.

"मोठा शिव," तो म्हणाला.