डावा कोपरा

गुडघ्याला पट्टा बांधून ज्ञानू उठला, तोच माइकवरून त्याचे नाव पुकारले गेले. त्याला वाटले, संघ जाहीर करतायत. तो मैदानाकडे चार पावले गेलाही. मग पुढचे शब्द कानात शिरले. प्रदीर्घ कारकीर्द, गावाचे भूषण, सपत्नीक सत्कार, आणि आज खेळाडू म्हणून निवृत्ती.

"निवृत्ती कुनाची रं?" त्याने बंडूला विचारले.

बंडू पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. तो संघातला राखीव खेळाडू. पण आज त्याचे अंग घामाने भिजलेले होते. खेळायला उतरणाराच इतका तयार होऊन उभा राहतो.

ज्ञानू गडाखालच्या गुंजवणे गावच्या वरच्या वाडीतला. गुरांमागे डोंगर चढून त्याचे पाय घडले होते. मिसरूड फुटायच्या वयात पुण्याच्या एका कंपनीने त्याला आपल्या कबड्डी संघात नेले. डाव्या कोपऱ्यात तो उभा असला की चढाईला आलेला गडी त्या बाजूला फिरकत नसे. कंपनीचे साहेब दरवर्षी नोकरीत कायम करतो म्हणत आणि दरवर्षी तेवढ्यापुरता करार वाढवत. राज्याच्या संघात एकदा निवड झाली; तिथे तो बाकावर बसून परत आला. जत्रेच्या दिवसांत नेमक्या कंपनीच्या स्पर्धा असत, त्यामुळे ऐन भरात तो गावासाठी खेळलाच नाही. मग गुडघा गेला आणि त्या वर्षी करार वाढला नाही. पालीच्या वाटेवर, गड चढायला येणाऱ्यांसाठी, त्याने आणि सुलक्षणाने पिठलं-भाकरीची टपरी घातली. गावच्या मंडळाने संघ त्याच्या हाती दिला. पोरांना शिकव आणि जमेल तोवर खेळही, असे ठरले.

"रस पुन्यानं पिला, चिपाड आमच्याकडं आलं," गावातला कोंडिबा पारावर म्हणायचा, ज्ञानूला ऐकू जाईल अशा बेताने. गावच्या जत्रेत, गावाकडून, एक फायनल खेळायची आणि मग कोंडिबाला काय ते बोलायचे, एवढेच ज्ञानूने मनात धरले होते. त्याने घडवलेला हा संघ आज पहिल्यांदा फायनलला आला होता. समोर भोरचा संघ होता. सातजणांत त्याने स्वतःला घातले होते, डाव्या कोपऱ्यात.

टेबलापाशी मंडळाचे अध्यक्ष बाजीआप्पा फेटा घेऊन उभे होते. सत्कार मॅचनंतर करा, असे ज्ञानूने हळूच सांगितले. आप्पांनी हसत हसत पहिला वेढा दिला.

"सकाळी सेमीत दोनदा सुटला गडी तुझ्या हातातनं. भोरवाले त्याच अंगानं घुसनार. गावाम्होरं मान करतोय, तर मान ठेव."

"आप्पा, संघ म्या ठरवतो."

"ठरव की. पुढल्या सालीबी तूच ठरव."

तेवढ्यात सुलक्षणा पुढे आली. लग्नकार्याला नेसायची साडी, केसात गजरा. टपरीवरून कुणी असे निघून येत नाही.

"तुला ठावं व्हतं?"

"म्याच हो म्हनलं," ती खालच्या आवाजात म्हणाली. "सकाळी भितीला धरून उठता तुमी. पार मोडून घरी आलात, तर पान्याचे हंडे कोन वाहनार?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. जर्सीवरच शाल आली, हातात नारळ आला. आप्पांनी धरून त्याला खुर्चीत बसवले, आणि डाव्या कोपऱ्यात बंडू जाऊन उभा राहिला.

पहिला डाव वाईट गेला. बंडू घाई करत होता, गडी निसटत होते. भोरचे गुण वाढत चालले तशी गर्दी चिडली. कोंडिबाने तर ओरडून सांगितले, की आता नारळच घाला म्हणावं कोपऱ्यात. लोक हसले. मध्यंतराला बंडू धापा टाकत खुर्चीपाशी आला. कालपर्यंत तो त्याला तात्या म्हणत होता.

"सर, तुमी उतरता का?"

आप्पा लांब होते. बदली खेळाडू घ्यायला कुणाला विचारावे लागणार नव्हते. ज्ञानूने शालीच्या आत गुडघा चाचपला. खेळाडू केव्हाच उठला असता. पण बंडूने विचारले होते प्रशिक्षकाला, आणि खुर्चीत गुडघा धरून बसलेल्या या माणसाला कुठल्याही प्रशिक्षकाने फायनलला उतरवले नसते.

"न्हाई," तो म्हणाला. "तू लवकर झेपावतोस. त्यो पाय टाकंल, टाकू दे. माघारी फिरला की घोटा धर. तवर दम खा."

बंडूने ऐकले. दुसऱ्या डावात भोरचा सगळ्यात तगडा गडी त्या कोपऱ्यात आला, वळला आणि तिथेच आडवा झाला. मग पुन्हा एकदा. सामना थोडक्यात हातात आला आणि सगळे गाव मैदानात घुसले. बंडूला खांद्यावर घेतले होते. ज्ञानू खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. कोंडिबा वाट काढत त्याच्यापाशी आला.

"झ्याक शिकवलंस गड्या. चिपाड म्हनलं ते इसर."

ज्ञानूने इतकी वर्षे धरून ठेवलेले बोलणे आता बोलण्यासारखे उरले नव्हते. "व्हय," तो म्हणाला.

फोटोवाल्याने संघाला ओळीत उभे केले आणि ज्ञानूला मधोमध खुर्ची दिली. घामावर लाल माती बसून सगळी पोरे एका रंगाची झाली होती. ज्ञानूने फायनलसाठी घातलेल्या कोऱ्या जर्सीची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती. सरांच्या खांद्यावर हात ठेव, असे फोटोवाल्याने मागे उभ्या असलेल्या बंडूला सांगितले.

बंडूने हात पुढे केला, थांबला, तळवा चड्डीला दोनदा पुसला, आणि मगच तो शालीवर टेकवला.