मांड्यांतलं दुःख

शिलाई कारखान्याच्या जेवणाच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीला पाठ टेकून, गुडघे वाकवून, नसलेल्या खुर्चीवर बसल्यासारख्या बायका उभ्या होत्या आणि कंपनगुरू ओरडत होते, “सोडा! मांड्यांत साठलेलं दुःख सोडा! ज्याचं मन मोकळं, त्याला कंप नाही!” बघता बघता सगळ्यांचे पाय लटपटायला लागले. कोणी हुंदके देत होतं, कोणी हसत सुटलं होतं.

शाळेत कवायत शिकवणारे मास्तर दारात दातओठ खात उभे होते. त्यांची थोरली बहीण इथे काजं करायची. तिचे हात तर भिंतीशी न जाताही कापायचे. “ताईंचं बघा, आपोआप सुटतंय!” म्हणून बायका तिचा हेवा करत. खरं तर तिला थायरॉईडचा आजार होता. गुरूंच्या सांगण्यावरून तिने गोळ्या बंद केल्या आणि कंप वाढला, छातीतली धडधडही वाढली. असंच चाललं तर हृदय दगा देईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मास्तर पुढे झाले. “गुरुजी, तुमचं मन मोकळं आहे ना? मग राहा भिंतीशी असेच उभे!”

एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? गुरू भिंतीला पाठ टेकून, गुडघे वाकवून उभे राहिले. थोड्याच वेळात त्यांच्याही मांड्या लटलटा कापू लागल्या.

“बघितलंत? दुःखबिःख काही नाही. स्नायू दमला की थरथरतो. असं उभं केलं की वर्गातली माझी पोरंही थरथरतात, त्यांना कसलं आलंय दुःख!”

तेवढ्यात एक बाई पुढे येत म्हणाली, “अगं, आपलं दुःख गुरूंनी अंगावर घेतलं!” आणि सगळ्याजणी त्यांच्या पाया पडायला धावल्या. गुरूंनी घाम पुसून डोळे मिटले. त्यांना उत्तर आयतंच मिळालं होतं.

घरी मास्तरांनी ताईपुढे गोळी आणि पाण्याचा पेला ठेवला. “ताई, हात जोडतो तुला.”

“तू दाखवलंस ते कळलं रे मला. वेडी नाही मी. पण आमचे हे गेले तेव्हा महिनाभरात तूच म्हणालास, आता पुरे कर रडणं. तिथे कोणी तसं म्हणत नाही.”

“गोळी घेऊनही रडता येईल की!”

“गोळीने हात थांबतील. मग मला तिथे कोण विचारतंय?”

पाय दमले तर बसावं, हात कापला तर औषध घ्यावं, रडणाऱ्याला रडू द्यावं. यातल्या कशालाही गुरू लागत नाही. मास्तरांना हे सगळं सांगायचं होतं, पण ताईने पेला बाजूला सारला होता आणि ती धापा टाकत गुरूंकडे जायला चपला शोधत होती.