सपाट तळाचा पाळणा

“सातवा महिना सरत आला, लॉर्न. पाळणा कुठाय?” मी विचारलं.

रंध्यावरून मान न उचलता लॉर्न म्हणाला, “लाकूड ओलं आहे.”

ते लाकूड दोन वर्षं माळ्यावर वाळत होतं. मी जन्मभर थापा मारत आलोय. एका कॉड माशाने माझी होडी ओढत बेटापलीकडे नेली, ही त्यातली सगळ्यांत लहान. त्यामुळे दुसऱ्याची थाप मला वासावरून कळते.

नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या होड्यांच्या कारखान्यात रीत अशी, की कुणी बाप होणार असला तर त्याचा पाळणा सोबत्यांनी करायचा. बापाने हात लावायचा नाही. आमचा पाळणा टांगत नाहीत, तो गोल तळावर जमिनीवरच झुलतो. झाला की सात पौंड, म्हणजे तान्ह्या पोराच्या वजनाचे, तांब्याचे खिळे फडक्यात गुंडाळून आत निजवायचे आणि झोके देऊन बघायचे. लॉर्न झ्विकरने तीस वर्षांत सतरा पाळणे केले. सतरा वेळा खिळ्यांचं बाळ झोपवलं.

या खेपेचा बाप म्हणजे शिडं शिवणारा टीग. टीग जन्माला आला तो मुलगी म्हणून. लॉर्नही तसाच. दोघांचं पुरुष होणं गावाने कधीच पचवलं होतं. लॉर्नच्या वेळी चार ढेकर आले, एवढंच. पण टीगने गर्भाशय ठेवलं होतं. हार्मोनची इंजेक्शनं त्याने वर्षभर बंद केली आणि नवऱ्यापासून, गॅरेटपासून, त्याला दिवस राहिले. आता वर दाढी, खाली पोट, असा तो कारखानाभर मिरवत होता.

लॉर्नच्या तरुणपणी दाखल्यावर ‘पुरुष’ लिहून हवं तर आधी डॉक्टरांच्या टेबलावर निजावं लागे. त्याने गर्भाशय दिलं, कागद घेतला. पोरंबाळं हवीत का, असं कुणी विचारलंसुद्धा नाही.

“ए म्हाताऱ्या, हात ठेव इथे,” टीग शर्ट वर करत म्हणाला. “लाथा बघ कशा मारतंय!”

“हाताला डांबर आहे माझ्या.”

हात स्वच्छ होते.

टीग गेल्यावर लॉर्न म्हणाला, “याला दोन्ही मिळालं. कागद पण आणि पोर पण.”

“मग काय, एक परत करू त्याने?”

“हो,” लॉर्न म्हणाला. थट्टेने नव्हे.

दुसऱ्या दिवशी तो कामाला लागला. आठ दिवसांनी पाळणा बघितला आणि मी तोंडातला पाइप काढला. फळ्या रेशमासारख्या, सांधे असे की मुंगीने बाहेरूनच परत जावं. पण तळ सपाट, आमच्या मासेमारीच्या डोंगीसारखा.

“अरे, हा झुलणार कसा?”

“नाही झुलणार.”

“पोर रडेल ना!”

“रडू दे. बापाला जागू दे जरा.”

तळाला करणाऱ्याने आपलं नाव कोरायची रीत, तीही त्याने पाळली नाही. खिळे निजवलेच नाहीत.

जूनमध्ये मुलगी झाली. त्याच आठवड्यात त्यांच्या टेकडीवरच्या घराचं छत खचलं आणि तिघं उन्हाळ्यापुरते गॅरेटच्या जुन्या बोटीवर राहायला गेले. टीगने पाळणा धक्क्यावर मागवला; का, ते लॉर्नला तिथे पोचल्यावरच कळलं.

टीगने पाळणा उलटा करून तळ बघितला. लॉर्नच्या तोंडचं पाणी पळालं.

टीगचे डोळे भरले. “गोल तळ असता तर पहिल्याच लाटेला पोर खाली. आम्ही बोटीवर येणार हे आम्हालाच माहीत नव्हतं रे. तुला कसं सुचलं?”

लॉर्नने माझ्याकडे पाहिलं. मी जन्मभर ज्या क्षणासाठी सराव केला तो हाच.

“आठ दिवस झोपला नाही गं बाई तुझा हा आजा,” मी त्या पोरीलाच सांगितलं. “पाळण्याचाच विचार.”

यात थाप अशी कुठेच नव्हती.

“आणि तुझं नाव का नाही कोरलंस?” टीग म्हणाला. “तू हिला धर, मी कोरतो.”

“माझ्या हाताला...” म्हणत लॉर्नने आपल्या हातांकडे बघितलं. मग ते पुढे केले.

नाव कोरून झालं, पोर निजली. बोट लाटेवर हलली, पाळणा जागचा हलला नाही.

संध्याकाळी कारखान्यात आलो तर लॉर्न खिळ्यांच्या डब्यापाशी बसला होता. सात पौंडांचं फडकं उघडून त्यात मुठीमुठीने खिळे घालत होता.

“आठ भरते ती,” तो म्हणाला.

त्याने फडकं बांधलं. हातावर तोललं. मग ते कोपराच्या खोबणीत घेऊन घराकडे निघाला, गाठीच्या बाजूला, जिथे डोकं यायचं, तिथे तळहाताचा आधार देऊन.