रिठ्याचं पाणी

"पाणी फार गरम नाही ना?" तिने विचारलं. बेसिनच्या खोबणीत मान टेकून पडलेल्या बाईने डोळे मिटूनच मान हलवली.

खरं तर हे विचारायची वेळ तिच्यावर यायला नको होती. अकरा वर्षं या पार्लरमध्ये ती डोकी धूत आली होती, पाणी किती गरम ते तिच्या मनगटालाच कळायचं. पण आज हातांत रबरी हातमोजे होते, हातमोज्यांत घाम होता आणि बोटांच्या बेचक्यांत भेगा. आतून अशी खाज उठत होती, की समोरचं डोकं तसंच सोडावं आणि दोन्ही हात खरबरीत भिंतीवर घासत सुटावं. तिने एक पाय हलवला, मग दुसरा.

"जरा हळू हो. केस ओढताय तुम्ही."

अकरा वर्षांत असं कोणी म्हटलं नव्हतं. तिचा चेहरा खर्रकन उतरला. बरं झालं, की गिऱ्हाइकाचे डोळे मिटलेले होते.

पार्लरमध्ये तोरा असतो तो कात्रीवाल्यांचा. धुणारीला कोणी विचारत नाही. पण तिला स्वतःच्या कामाचा अभिमान होता आणि तो ती कोणाला दाखवायलाही जात नव्हती. चेहरे मात्र तिच्या लक्षात राहत नसत. तिला ते दिसायचेच उलटे, हनुवटी वर आणि कपाळ खाली. रस्त्यात कोणी "काय, कसं काय?" म्हणून हसलं की ती बावचळून जायची. पण तेच डोकं हाताखाली आलं की लगेच खूण पटायची. ही दोन भोवऱ्यांची, ही लहानपणी जिन्यावरून पडून टाके घातलेली, आणि या मोठ्या बाई, उजव्या कानामागे वाटाण्याएवढी गाठ.

त्वचेच्या डॉक्टरांनी तिचे हात उलटसुलट करून पाहिले होते. "साबण, शाम्पू, सगळं बंद. सहा महिने तरी. काम बदला." काम म्हणजे जणू काही ओला टॉवेल, हा टाकला की दुसरा घेतला. तो कागद तिने पर्सच्या तळाशी दडवला. पण पांढऱ्या टॉवेलवरचा रक्ताचा ठिपका कुठे दडवणार? तो पार्लरच्या मॅडमनी पाहिलाच.

"हे बघ, तुझी मला काळजी नाही असं नाही," मॅडम म्हणाल्या. "पण गिऱ्हाइकाने हे पाहिलं तर? येत्या सोमवारी हात दाखव मला. बरे नसले तर काउंटरवर बसायचं, फोन घ्यायचे, वेळा लिहायच्या. पगार तोच."

पगार तोच म्हटल्यावर तिला हायसं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. काउंटर म्हणजे दिवसभर नुसते चेहरे.

घरी नणंदेला सांगितलं तर ती उखडली. "मग शाम्पू निघायच्या आधी बायका काय टकल्या होत्या, वहिनी? काहीतरी असणारच की!" नणंद कापडाच्या दुकानात होती आणि तिचे केस कमरेपर्यंत होते. प्रयोगाला दुसरं डोकंही नव्हतं, कारण नवऱ्याच्या डोक्यावर आता धुण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं.

पहिल्या दिवशी खायचा सोडा झाला. केसांचा काथ्या झाला. तो मऊ करायला दुसऱ्या दिवशी व्हिनेगर लावलं, तर दुकानात आलेल्या बायका कापडाचा वास घेऊन बघायला लागल्या. तिसऱ्या दिवशी अंडं. तिने सवयीने पार्लरसारखं कढत पाणी घेतलं आणि अंडं केसांतच शिजलं. दीड तास दोघी फणीने ते वेचत बसल्या.

"मीठ घातलंत का?" नवऱ्याने पेपरातून डोकं वर न काढता विचारलं.

"दादा, तू गप्प बस!" नणंद ओरडली. "मी काय प्रयोगशाळेतली उंदरीण आहे का?"

हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ते पाणी थांबेचना, तेव्हा नणंदेने फणी खाली ठेवली आणि तिच्या सुजलेल्या बोटांवर हलकेच फुंकर घालत बसली.

गुरुवारी नणंदेने किराणावाल्याकडून रिठे आणले. ते फोडून, बिया काढून भिजत घातले, सकाळी उकळले, कुस्करले, जुन्या ओढणीतून गाळले. काळ्या चहासारखं तपकिरी पाणी निघालं. फेस बेताचाच, वास ओल्या गोणपाटाचा. पण केस निघाले ते असे स्वच्छ, की बोट फिरवलं तर कर्र आवाज यावा. आणि मुख्य म्हणजे तिचे हात झोंबले नाहीत. ती उघड्या हातांकडे टक लावून बघत राहिली, आता होईल, मग होईल म्हणून. काही झालं नाही.

शनिवारी ते पाणी तिने शाम्पूच्या रिकाम्या बाटलीत भरून पार्लरमध्ये नेलं. हातमोजे खिशात गेले.

"आज फेस नाही का?" एकीने विचारलं.

"नवीन आलाय. कमी फेसाचा," ती म्हणाली. इतकं सरळ खोटं आपल्याला बोलता येतं हे तिलाही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी सात डोकी झाली. दोन भोवरेवाली आली, टाकेवाली आली, आणि बोटांना सगळ्या पुन्हा ओळखू आल्या. मॅडम जवळून गेल्या की ती बाटलीचं तोंड हाताने झाकायची. पण संध्याकाळी घरी जाऊन ती आडवी झाली ती थेट सकाळीच उठली. कित्येक आठवड्यांत अशी झोप लागली नव्हती.

सोमवारी मॅडमनी तिचे हात खिडकीपाशी धरून पाहिले. भेगांच्या कडा मिटत आल्या होत्या. "अगं, छान! मलमाचं नाव दे मला," त्या म्हणाल्या, आणि ती आनंदाने नुसती उडायची बाकी राहिली.

अकरा वाजता मोठ्या बाई आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका. डोकं धुताना डोळे न मिटणारं हे एकमेव गिऱ्हाईक. "चाळीस वर्षं वर्गासमोर डोळे मिटले नाहीत, आता मिटू होय?" असं म्हणून त्या खालून वर तिच्याकडे बघत गप्पा मारायच्या. त्यांच्या कपाळावर ती दर वेळी आठवणीने टॉवेलची घडी ठेवायची. आज आनंदाच्या भरात तेवढंच राहिलं.

रिठ्याचं पाणी डोळ्यांत जाणं म्हणजे काय, ते ज्याच्या गेलंय त्यालाच माहीत. मोठ्या बाई किंचाळून उठल्या. तिने गार पाण्याचे हबकेच्या हबके मारले, तरी डोळे लालभडक झाले. मॅडम कात्री तशीच हातात घेऊन धावत आल्या.

"काय झालं? कुठला शाम्पू होता?"

"माझंच चुकलं," टॉवेलमधून मोठ्या बाई म्हणाल्या. "मी डोळे उघडे ठेवले. तिला काही बोलू नका."

तिने गप्प बसायचं, एवढंच बाकी होतं. बाटलीवर शाम्पूचं नाव होतंच. पण मोठ्या बाई तिच्या दिशेला मान वळवून डोळे उघडायचा प्रयत्न करत होत्या, आणि त्यांना ते उघडता येत नव्हते. ते तिला बघवेना.

"शाम्पू नव्हता, मॅडम. रिठ्याचं पाणी आहे. मी घरून आणलं. शनिवारपासून सगळ्यांना तेच लावतेय."

पार्लरमधला ड्रायर कोणीतरी बंद केला. मॅडमनी बाटली हुंगली आणि बेसिनमध्ये पालथी केली. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"उद्यापासून काउंटर," एवढंच त्या म्हणाल्या.

दोन महिन्यांत हात सुरेख झाले. डाग नाही, भेग नाही. पण ते स्वस्थ म्हणून बसत नसत. काउंटरच्या काचेवर बोटं गोल गोल फिरत राहायची, पेनं खोलून परत जोडायची. बेसिनवर नवी मुलगी आली होती, कोपरापर्यंत फेसात. गिऱ्हाइकाच्या पायाचा अंगठा आखडला, की इथे बसून हिला कळायचं, केस ओढले गेले. ती अर्धवट उठायची आणि परत बसायची. अकरा वर्षांच्या ओळखीच्या बायका समोर येऊन हसायच्या. ही विचारायची, "नाव काय लिहू?" त्यांचं हसू मावळायचं. त्यांना काय सांगणार, की चूक तुमच्या चेहऱ्याची नाही?

एके दुपारी जाड चष्म्याच्या एक वयस्क बाई येऊन उभ्या राहिल्या.

"नाव काय लिहू?"

 त्यांनी चष्मा काढला. तरीही तिला कळलं नाही, आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं असावं. मग बाई पाठमोऱ्या झाल्या, दोन्ही हात मागे काउंटरवर टेकले आणि मान मागे टाकली.

मॅडम आत कात्रीत गुंतलेल्या होत्या. तिने उठून हात पुढे केला. कोरड्या, पांढऱ्या केसांत बोटं शिरली आणि आपली आपणच उजव्या कानामागे गेली. वाटाण्याएवढी गाठ.

"मोठ्या बाई!"

"ओळखलंस एकदाचं!"

"डोळे बरे आहेत ना हो?"

"बरे आहेत गं. घरी रिठे आणलेत मी. पण मला ते तुझ्यासारखं जमत नाही."

तिने खाली पाहिलं. उलटा चेहरा, हनुवटी वर, कपाळ खाली. आणि मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले होते.

फोन वाजायला लागला. तीन वेळा वाजेपर्यंत तिची बोटं केसांतून हलली नाहीत. मग तिने ती एकेक करून सोडवली, कोरडाच हात सवयीने ॲप्रनला पुसला आणि फोन उचलला.